धुराड्याची भिंत

मॉसी कॉन्सिडाइनने उजव्या हाताचा तळवा शेकोटीच्या वरच्या भिंतीवर टेकवला आणि मनातल्या मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. विसापर्यंत हात टिकला तर भिंत बरी, ही त्याची जुनी रीत. बाराला त्याने हात काढून घेतला.

"नाही जमायचं," तो म्हणाला.

"काय नाही जमायचं?" फिन्टन टाल्टीने विचारलं. त्याने डब्लिनहून आणलेला भलामोठा टीव्ही खोक्यासकट सोफ्याला टेकून उभा होता.

"इथे टीव्ही. हात लावून बघ, भाजतंय."

"भिंत गरम लागतेय कारण खाली शेकोटी पेटलीय, मॉसी." फिन्टन लहान मुलाला समजवावं तसं बोलला. "आमच्या गल्लीत एकूणएक घरात शेकोटीच्या वरच टीव्ही आहे."

"तुमच्या गल्लीतल्या शेकोट्या म्हणजे काचेमागे लावलेले दिवे. बटण दाबलं की जाळ, बटण दाबलं की राख. ही खरी आहे बाबा. हिच्यात सकाळी सहापासून टर्फ जळतोय."

हे खरंच होतं. फिन्टनची आई नोनी टाल्टी, तिच्या बैठकीतली शेकोटी ती माहेरून लग्न होऊन आली त्या दिवसापासून विझलेली कुणी पाहिली नव्हती. रात्री ती निखाऱ्यांवर राख ओढायची आणि सकाळी तीच राख बाजूला सारून टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, दोन ढेपा वर ठेवायची. आता ती टेबलाशी बसून बटाटे सोलत होती आणि दोघांपैकी कुणाकडेच बघत नव्हती.

मॉसीने बोटांची हाडं भिंतीवर वाजवली. उजवीकडे ठक्क असा बसका आवाज आला. हात मध्यभागी सरकला तसा आवाज बदलला, रिकाम्या पिंपावर वाजवावं तसा झाला.

"ऐकलंस? तो दगड आणि हे धुराडं. तुझ्या आजोबांनी बांधताना वर वाकडं नेलंय. मधे फक्त एक वीट आहे, तीही ऐंशी वर्षांची. हिला भोक पाडलं की आतला धूर खोलीत. आणि नुसता धूर असता तर डोळे चुरचुरले असते, कळलं असतं. त्याच्याबरोबर येतो तो गॅस दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपल्या जागी माणूस जातो."

"तुम्ही फार बातम्या बघता."

"मी बातम्या बघत नाही, भिंती बघतो."

मॉसीने खिशातून छोटा थर्मामीटर काढला आणि चिकटपट्टीने भिंतीवर, टीव्हीचा खालचा काठ जिथे आला असता तिथे लावला. मग तो खुर्चीत बसला आणि तासभर थांबायचं म्हणाला. कुठल्याही शेकोटीवर काही टांगण्याआधी तो हेच करायचा. ऐन जाळावर तासभर. फिन्टनला हे ढोंग वाटलं असावं, कारण तो फोन कानाला लावून बाहेर गेला. नोनीने चहा ओतला, सोडा-ब्रेड कापला, त्यावर लोणी थापलं.

"हट्टी आहे," ती हळूच म्हणाली. "बापावर गेलाय. पण मनाने वाईट नाही रे. मला नीट दिसावं म्हणून आणलाय. आपल्या क्लेअर परगण्याचा सामना असला की मी त्या छोट्या डब्यावर डोळे ताणत बसते ना."

"मग त्या बाजूच्या कोनाड्यात लावू या की. उद्या सकाळी येऊन लावून देतो. डोळ्यांच्या उंचीला येईल, मानही दुखायची नाही."

"कोनाड्यात माझं कपाट आहे, म्हणून त्याला नको. सगळे येणार, आल्या आल्या समोर दिसला पाहिजे म्हणतो."

सगळे येणार होते ते मिस्सेला. नॉकबेग वाडीत वर्षातून एकदा एका घरी फादर येऊन मिस्सेची प्रार्थना म्हणायचे आणि पाळी फिरत फिरत नऊ वर्षांनी पुन्हा त्याच घरी यायची. नऊ वर्षं गळणारं छप्पर मिस्सेच्या आधीच्या पंधरवड्यात दुरुस्त व्हायचं. नोनीकडे या वेळी फिन्टनने रजा काढून येऊन कहरच केला होता. खिडक्या नव्या बसवल्या, वाऱ्याची फट राहिली नाही. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातलं हवेचं भोक कुरूप दिसतं म्हणून बुजवलं. सगळीकडे सायीच्या रंगाचा हात मारला. आणि त्या रंगाच्या पायी शेकोटीवरची येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर तिच्या लाल दिव्यासकट काढून मागच्या खोलीत ठेवली होती. आता तिथे ती परत यायची नव्हती.

तो लाल दिवा सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मॉसीने लावला होता. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. नोनीच्या सासूने नव्या सुनेसाठी तसबीर आणली आणि मॉसीला बोलावलं. आयुष्यातलं त्याचं ते पहिलं काम. त्याने एकच बारीक खिळा मारला होता, तोही दोन दगडांच्या मधल्या चुन्यात, धुराड्यापासून हातभर लांब. त्यानंतर वाडीतल्या प्रत्येक छपरावर तो चढला. आधी अँटेना लावल्या, मग तबकड्या लावल्या, मग त्याच तबकड्या काढल्या. प्रत्येक घराची भिंत त्याला आतून माहीत होती, पण हे ज्ञान कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला किंमत नव्हती.

तासाभराने फिन्टन आत आला. थर्मामीटरवर अठ्ठावन्न होतं.

"चाळिसाच्या वर गेलं की टीव्ही लावायचा नाही, हे तुझ्या त्या टीव्हीच्या पुस्तकातच लिहिलं असेल, वाच," मॉसी म्हणाला. "करायचंच असेल तर रीतसर करू. दोन्ही बाजूंच्या दगडात लोखंडी आडवा पट्टा अडकवू, धुराड्याला न शिवता. त्याच्यावर न जळणारा पत्रा, मागे हवा खेळायला चार बोटं जागा. खाली चांगली रुंद दगडी फळी, म्हणजे आच पुढे फेकली जाईल. तीन आठवडे लागतील."

"मिस्सा पुढच्या शुक्रवारी आहे."

"मग शुक्रवारी मिस्सा करा. टीव्ही नंतर बघा."

"मॉसी, तुमचं वय झालंय," फिन्टन म्हणाला. "भीती वाटते तर तसं सांगा. त्यात लाज कसली? शहरातल्या दुकानातून मुलं मागवतो. ते तासाभरात करतात."

मॉसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तेचाळीस वर्षांत शिडीवरून दोनदा पडला, एकदा वादळात चर्चच्या मनोऱ्यावर अडकला, आणि या पोराने, ज्याच्या पाळण्यावरचं खेळणंही त्यानेच टांगलं होतं, त्याला भित्रा म्हणावं? त्याने थर्मामीटर सोडवून खिशात टाकला. जाताना कपाटाशेजारच्या खिळ्यावरच्या पांढऱ्या डबीकडे त्याने बोट दाखवलं. गॅसचा अलार्म होता तो, दोन हिवाळ्यांपूर्वी त्यानेच आणून लावलेला.

"नोनी, ती डबी तेवढी हलवू देऊ नकोस," एवढं बोलून तो निघाला.

शनिवारी दुकानाची गाडी आली. पोरं चटपटीत होती, अंगात एकसारखे शर्ट होते, तासाभरात टीव्ही भिंतीवर होता. नव्या वसाहतीतल्या जिप्समच्या भिंतींवर दिवसाला सहा-सहा टीव्ही चढवणारी पोरं ती. भिंत ठोकली, पोकळ वाजली, म्हणजे त्यांच्या लेखी नेहमीचीच पोकळ भिंत. धुराडं पोकळ असतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. वाडीभर मात्र बातमी वेगळीच पसरली. मॉसीला भिंतीची भीती वाटते.

"काय मॉसी," थेडी क्लूनने दुकानाच्या दारात त्याला गाठलं. थेडी शेजारचा शेतकरी, दोघांची शाळेपासूनची ओळख. "नोनीच्या भिंतीने डोळे वटारले म्हणे तुझ्यावर?"

"तुझ्या बायकोइतके नाही वटारले," मॉसी म्हणाला आणि सगळे हसले. पण घरी येईपर्यंत त्याचं तोंड कडू झालं होतं.

बुधवारी त्याची बायको पेग टपाल कचेरीतून आली आणि डोक्याचा रुमाल सोडता सोडता म्हणाली, "नोनी भेटली होती. तोंड कसं लालबुंद झालंय तिचं. डोकं ठणकतंय म्हणे चार दिवस. बाहेर पडलं की उतरतं, घरात गेलं की पुन्हा चालू. मिस्सेची दगदग, दुसरं काय."

मॉसी वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते खाली ठेवलं नाही.

"तुझ्या लेकाला सांग म्हणावं तिला," तो म्हणाला. "तो शहाणा आहे."

पेगने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. त्या एका वाक्याबद्दल मॉसीने स्वतःला पुढे कधीच माफ केलं नाही. कानावर आलं होतं, कळायलाही हवं होतं. पण नाकाला मिरच्या झोंबलेल्या माणसाला दुसरं काही कळत नाही, आणि त्या आठवड्यात मॉसीला स्वतःच्या अपमानापलीकडे काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी वारा अजिबात नव्हता. धुकं कुंपणावर बसून होतं. मॉसी आणि पेग ठेवणीतले कपडे घालून टाल्टींच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा मॉसीची नजर सवयीने छपराकडे गेली. धुराड्यातून धूर वर चढत नव्हता. तो काठावरून ओघळून कौलांवर लोळत होता.

बैठकीत पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने उभी होती. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, झाली वेदी. तिच्या मागे शेकोटी, आणि पाहुणे येणार म्हणून फिन्टनने तिच्यात टर्फचा ढीग रचलेला. त्याच्या वर तो काळा टीव्ही. फादर लेनिहन वस्त्रं घालून उभे राहिले तेव्हा टीव्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर आला. नोनी शेकोटीला लागून तिच्या नेहमीच्या खुर्चीत होती. नवा निळा झगा, केस बसवलेले, आणि गाल टोमॅटोसारखे.

मिस्सा सुरू झाली. पहिलं वाचन अट्रॅक्टा क्लूनने केलं, थेडीच्या बायकोने. वाचता वाचता ती दोनदा ओळ चुकली. थेडीने जांभई दिली. त्याच्या मागच्या म्हाताऱ्याने दिली. मग पेगने दिली, आणि पेग मिस्सेत जांभई देणारी बाई नव्हे. मॉसीच्या कानशिलात ठकठक व्हायला लागलं. त्याने टीव्हीखाली पाहिलं. सायीच्या नव्याकोऱ्या रंगावर करंगळीएवढा करडा ओघळ उतरला होता.

त्याने कपाटाकडे पाहिलं. खिळा होता, पण त्यावर डबी नव्हती.

आणि तरीही मॉसी पुढे झाला नाही. शुभवर्तमान झालं, प्रवचन सुरू झालं, तरी तो आपल्या टोपीची कड बोटांत फिरवत उभा होता. मिस्सा मोडायची कशी? फादरना थांबवायचं कसं? आपली चूक असेल तर वाडी काय म्हणेल? आठवडाभर ज्या माणसांचे टोमणे झेलले त्यांनाच पुन्हा तोंड द्यायचं? त्याच्या डोळ्यांसमोर नोनीची मान हळूहळू एका बाजूला कलत होती आणि तो मॅनर्स सांभाळत होता.

नोनीच्या हातातली जपमाळ फरशीवर पडली. तिने ती उचलली नाही.

"फादर, थांबा," मॉसी म्हणाला.

फादर थांबले. सगळ्या माना वळल्या.

"सगळे बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता. गॅस भरलाय खोलीत."

"मॉसी, गप्प बसा!" फिन्टन दबक्या आवाजात ओरडला.

"येशू, मेरी अन् जोसेफ," अट्रॅक्टा पुटपुटली. "सकाळी सकाळीच चढवून आलाय का हा?"

मॉसीने माणसांना ढकलत वाट काढली. नवी खिडकी त्याला उघडता येईना, खिट्टी कुठल्या बाजूला फिरते तेच कळेना. त्याने तळहाताने दणके घातले तेव्हा ती उघडली. दुसरी उघडली. दार सताड केलं. मग नोनीला खुर्चीसकट उचलायला गेला आणि थेडीला, त्याच थेडीला, ओरडून म्हणाला, "बघतोस काय बैला, धर दुसरीकडून!" थेडीने धरली. फादर लेनिहन क्षणभर नोनीच्या तोंडाकडे बघत राहिले आणि मग क्रूस हातात घेऊन म्हणाले, "चला. बाहेर चला सगळे. देव अंगणातही असतो."

आत एकटा मॉसी राहिला. त्याने चिमट्याने पेटत्या ढेपा एकेक करून लोखंडी बादलीत टाकल्या आणि बादली मागच्या दाराने बाहेर नेली. घाईत राख उडाली, वेदीच्या पांढऱ्या कापडावर बसली, नव्या गालिच्याला एका जागी चटका बसला.

अंगणात नोनीने दगडी गडग्याला धरून ओकारी काढली. थंड हवेत पाच-दहा मिनिटांत तिचे डोळे उघडले. माणसांच्या जांभया थांबल्या. डोकी हलकी झाली. कोंबड्या पायांत घोटाळत होत्या आणि उरलेली मिस्सा फादरनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चषक ठेवून म्हटली.

पेगने कपाटाचा खण उघडून ती पांढरी डबी शोधून काढली. तिच्यात बॅटरी नव्हती.

"रविवारपासून सारखी बोंबलत होती," फिन्टन म्हणाला. "बॅटरी खराब झाली असेल म्हणून काढून ठेवली."

"बॅटरी घाल," मॉसी म्हणाला.

फिन्टनने सगळ्यांसमोर बॅटरी घातली आणि डबी आत नेऊन खिळ्यावर लावली. माणसं खिडकीतून बघत राहिली. पण तोवर अर्धा तास दारं-खिडक्या उघड्या होत्या, शेकोटीत निखारा उरला नव्हता. डबीवर हिरवा दिवा लागला आणि तशीच ती गप्प राहिली.

"बघा," फिन्टन म्हणाला. "हिरवा आहे. काही नव्हतं. गर्दी होती, उकाडा होता, आई सकाळपासून उपाशी होती. माझ्या आईच्या मिस्सेची माती केलीत तुम्ही. नऊ वर्षांनी पाळी आली होती. पुढची बघायला ती असेल की नाही कुणाला माहीत!"

"पुढची बघायला ती असावी म्हणूनच—" मॉसी अर्ध्यावरच थांबला. आधी माणसं बाहेर काढली, पुरावा शोधायला नंतर आला, आणि पुरावा खिडकीतून निघून गेला होता. हेच उलटं केलं असतं, आधी डबी शोधून तिला किंचाळू दिलं असतं, तर वाडीने खांद्यावर घेतलं असतं. कुणी मेलं नव्हतं, त्यामुळे कुणी वाचलंही नव्हतं. उरलं होतं ते इतकंच, की मॉसी कॉन्सिडाइनने देवाच्या कामात धिंगाणा घातला.

कुणी त्याच्याशी बोललं नाही. हॅम कापलं गेलं, ट्रायफलचं पुडिंग वाटलं गेलं, शेरीचे पेले फिरले. मॉसीच्या हातात पेला फक्त पेगने दिला. निघताना तो गडग्यावर शाल पांघरून बसलेल्या नोनीजवळ थांबला.

"शेकोटी पेटवू नकोस," तो म्हणाला. "कुणी काहीही सांगो. माझ्यासाठी."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

शनिवारी पहाटे मॉसी आपल्या परसात उभा राहिला आणि त्याने शेताच्या पलीकडे पाहिलं. टाल्टींच्या धुराड्यातून धूर नव्हता. रविवारीही नव्हता. त्या दुपारी फिन्टन डब्लिनला परत गेला. सोमवारी दवाचं बर्फ झालं होतं, तळ्यावर पापुद्रा धरला होता, आणि तरी धूर नव्हता. सत्तेचाळीस वर्षांत न विझलेली शेकोटी थंडच ठेवून नोनी त्या घरात बसली होती. वाडीत तिच्या एकटीचाच त्याच्यावर विश्वास होता, आणि तोही तिने कुणाला दिसू दिला नव्हता. मॉसीला रडू आलं आणि त्याचा त्याला रागही आला.

मंगळवारी सकाळी ती स्वतः चालत आली, अंगात कोट, त्यावर शाल, पायांत नवऱ्याचे लोकरी मोजे.

"उतरव तो," ती म्हणाली.

त्याने टीव्ही उतरवून सोफ्यावर ठेवला. मग ब्रॅकेटचे बोल्ट सोडवायला घेतले. सहा होते. पोकळ भिंतीत घालायचे, आत गेल्यावर छत्रीसारखे पंख उघडणारे. पंख बाहेर निघावेत म्हणून भोकं थोडी मोठी करावी लागली. पहिला बोल्ट बाहेर आला आणि दोघं त्याच्याकडे बघत राहिली. बाहेरचा अर्धा भाग चांदीसारखा चकचकीत होता. आतला अर्धा, पंखांसकट, डांबरासारख्या चिकट काजळीने माखला होता. सहाही तसेच निघाले. भोकातून त्याने काडी पेटवून धरली. ज्योत आधी आत ओढली गेली, मग बाहेर पलटली.

"हे माझ्या डोक्यावर होते," नोनी म्हणाली. "सहा."

"सहा."

"आणि ती डबी माझ्यासाठी ओरडत होती."

"आता बघतील!" मॉसीचा आवाज चढला. "आज रविवार असता तर चर्चच्या दारात मांडले असते मी हे. थेडीच्या नाकाखाली धरतो एकेक. त्याच्या बायकोच्या धरतो, चढवून आलाय म्हणाली मला! आणि तुझा लेक—"

"मॉसी."

तो थांबला.

"त्याने आपल्या हाताने डबी बंद केली हे वाडीला कळलं तर त्याला या गावात पुन्हा पाय ठेवता यायचा नाही. आईला मारायला निघाला होता म्हणतील. तू ओळखतोस ना सगळ्यांना? त्याची मुलं सुट्टीत येतात इथे." तिने शाल घट्ट ओढून घेतली. "तुझं नाव गेलंय, मला ठाऊक आहे. माझ्यामुळे गेलंय. आणि तरी मी तुझ्याकडे हे मागतेय. मला दुसरं कुणी नाही मागायला."

मॉसीला ओरडावंसं वाटलं. अन्याय होता हा, शुद्ध अन्याय. ज्याने चूक केली तो डब्लिनमध्ये गादीवर झोपणार आणि ज्याने बरोबर केलं त्याने मूग गिळून बसायचं. पुरावा हाताला लागला होता आणि तो त्याच्याच हाताने पुरायला ती सांगत होती. त्याने हातोडी पेटीत आपटली. मग बराच वेळ तो सिमेंट कालवत राहिला.

"वाडीला नाही सांगत," शेवटी तो म्हणाला. "पण त्याला तू सांगायचंस. आज. त्याच्या घरातही अलार्म असेल. ओरडला की बॅटरी काढू नकोस म्हणावं, मुलांना बाहेर काढ म्हणावं."

"सांगते. त्याला मी माझ्या तोंडाने सांगते."

"आणि यातला एक बोल्ट मला हवा. दुकानात जाणार आहे मी. ती पोरं आणखी कुणाकुणाच्या धुराड्यांत भोकं पाडत असतील. तुझं नाव घेणार नाही."

तिने एक बोल्ट फडक्याने धरून त्याला दिला. उरलेले पाच तिने शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवले.

मॉसीने सहाही भोकं आगीत टिकणाऱ्या सिमेंटने बुजवली. बुजवलेलं हवेचं भोक पुन्हा मोकळं केलं. मागच्या खोलीतून तसबीर आणली आणि जुन्याच खिळ्यावर टांगली. खिळा हललासुद्धा नव्हता. लाल दिव्याची तार जोडली, तो लागला. तसबिरीखाली करडा ओघळ होता, त्याच्यावर नोनीने ओलं फडकं फिरवलं, तो गेला नाही, तसा तिने तो सोडून दिला. टीव्ही उद्या कोनाड्यात लावायचं ठरलं. कपाट तिने दाराशी सरकवायचं मान्य केलं. मग सिमेंट वाळेपर्यंत ती दोघं गार खोलीत कोट घालून चहा पीत बसली. दुपारी नोनीने शेकोटीपुढे गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि काडी ओढली.

मॉसी बाहेर आला आणि फाटकाशी वळून बघत राहिला. धूर सरळ वर गेला.

रस्त्याच्या वळणावर थेडी क्लून कुंपण नीट करत होता. मॉसीला पाहून त्याने कुदळ टेकवली.

"काय रे मॉसी, पुढच्या वर्षी मिस्सा आमच्याकडे आहे. फादरना आधीच ट्रॉलीवर उभं करू का? की आत घेतलं तर चालेल?"

कोटाच्या खिशात मॉसीच्या मुठीत बोल्ट होता. त्याची काजळी घामाने ओली होऊन बोटांना चिकटली होती. तो थांबला. त्याने थेडीकडे पाहिलं, मग मागे, टाल्टींच्या छपरावरच्या धुराकडे पाहिलं.

"आत घे," तो म्हणाला. "मी येईन आदल्या दिवशी, भिंत बघून जाईन."

थेडी हसला. मॉसीने खिशातला हात बाहेर काढला नाही.